जुनं कॉम्बिनेशन मशीन उभं करताना

अनेक आशीर्वाद.

रंधा, करवत आणि थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारा भाग) एकाच सांगाड्यावर असलेलं जुनं मशीन घेतलंस, चांगलं केलंस. बिडाची टेबलं आणि सांगाडा शाबूत असेल, कुठे तडा नसेल, तर बाकी सगळं दुरुस्त होतं. पण रंग आणि मोटर आत्ता बाजूला ठेव. आधी रंध्याचा ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरणारा गाभा, धर. तो सांगाड्यात पक्का बसलेला असतो, म्हणून टेबलं, फेन्स (फळी टेकवायची उभी पट्टी), रोलर सगळं त्याच्याशी जुळवायचं. हा क्रम चुकला की एक दुरुस्ती दुसरीला बिघडवते.

खोलताना फोटो काढत जा. टेबल ज्यांवर सरकतं त्या सरकपट्ट्यांखाली पातळ पत्र्याच्या शिम, म्हणजे उंची जुळवायच्या चकत्या, सापडतील. त्या कचरा समजून टाकू नकोस. कुठली कुठून निघाली ते पाकिटावर लिहून ठेव.

ब्लॉक चौकोनी असेल तर तो वापरूच नकोस. त्याच्या सपाट बाजू आणि टेबलाच्या कडा यांच्यात मोठी फट राहते आणि हात घसरला तर बोटं आत ओढली जातात. त्याच शाफ्टच्या मापाचा गोल ब्लॉक बनवून घे.

ब्लॉक हाताने फिरवून बघ. खरखर लागली किंवा शाफ्ट हलला तर बेअरिंग बदलायचंच. नंबर कडेवर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२, जाडी १५ मिमी. भुशाच्या कामाला दोन्हीकडून रबरी सील असलेलं घे. जुन्यावर सी-३ (आत थोडी जास्त मोकळीक असल्याची खूण) लिहिलं असेल तर नवीनही सी-३ च हवं. शाफ्टवर बसवताना दाब आतल्या रिंगेवरच द्यायचा. बाहेरच्या रिंगेवर हातोडा मारला की तो मार गोळ्यांमधून जातो, रिंगेत बारीक खड्डे पडतात आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं.

मग पाती. समोरासमोरची पाती वजनाला सारखी हवीत, नाहीतर ब्लॉक थरथरतो. धार ब्लॉकबाहेर साधारण १ मिमी ठेव आणि बोल्ट मधल्यापासून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळ. आता मागच्या टेबलावर, म्हणजे फळी बाहेर पडते त्या बाजूला, एक सरळ लाकडी पट्टी ठेव, तिचं टोक ब्लॉकवर येऊ दे. प्लग काढलेला असताना ब्लॉक कापण्याच्या दिशेने हळू फिरव. पात्याने पट्टी सुमारे ३ मिमी ओढली पाहिजे, दोन्ही कडांना आणि प्रत्येक पात्याला तेवढीच. मागचं टेबल खाली राहिलं तर फळीच्या शेवटच्या टोकाला खड्डा पडतो. वर राहिलं तर फळी टेबलाच्या ओठाला अडते. एकाच कडेला फरक येत असेल तर दोष सरकपट्टीत आहे, तिथे शिम लागेल. पाती तिरकी बसवून तो झाकू नकोस.

मोटर बदललेली असेल तर पुलीचा हिशेब आधी कर. १४४० आरपीएमची (मिनिटाला १४४० फेऱ्यांची) मोटर, तिच्यावर १५० मिमीची पुली आणि ब्लॉकवर ६० मिमीची, म्हणजे ब्लॉक ३६०० ने फिरतो. त्याच पुलीवर कुणी २८८० ची मोटर चढवली असेल तर तो ७२०० ने फिरेल आणि पाती धरणारे बोल्ट तो ताण सोसतीलच असं नाही. स्विच असा घे की वीज जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होणार नाही.

करवतीचं पातं टेबलाच्या खाचेशी समांतर आहे का ते एकाच दातावरून, पुढे आणि मागे, मोज. ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. पात्यामागची राइव्हिंग नाइफ (कापलेली फट उघडी ठेवणारी उभी पट्टी) नसेल तर बनवून घे. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ हवी, तरच लाकूड पात्याला चिमटत नाही.

टेबलावरचा गंज घासलेट आणि घासणीने काढ. ग्राइंडर लावलास तर सपाटी गेली.

थिकनेसरचे रोलर शेवटी बघू. ब्लॉकच्या बेअरिंगचा नंबर, मोटरच्या प्लेटचा फोटो आणि दोन्ही पुलींचे व्यास पाठव.