लहानपणीचा एकही पदार्थ आठवत नसेल, तर दिलासा देणारं जेवण आणायचं कुठून?

तुम्ही विचारलं आहे की, दमून, खचून घरी आल्यावर लोक नेमकं काय खातात, कशाने त्यांना शांत वाटतं. पुढे लिहिलं आहे की, सगळे आईच्या, आजीच्या हातच्या पदार्थांबद्दल बोलतात, पण तुमचं लहानपण वसतिगृहांत गेलं, त्यामुळे तसा एकही पदार्थ तुम्हाला आठवत नाही. मग तुमच्यासारख्याने काय करायचं? मला उत्तर द्यावंसं वाटलं ते या दुसऱ्या भागामुळे.

माझा पदार्थ मऊ भात. तांदूळ, भरपूर पाणी, मीठ, वर चमचाभर तूप. लहानपणी मला तो मुळीच आवडत नव्हता. ताप आला की समोर यायचा आणि मी तोंड फिरवायचो. तो माझा झाला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आईच्या आजारपणात. म्हणून लहानपण हातातून गेलं तर हे सुखही गेलं, असं मला वाटत नाही.

आईची केमोथेरपी सुरू झाली तेव्हा तिला पहिल्या डोसच्या दिवशी काहीतरी खास द्यावं, म्हणून मी तांदळाची खीर केली. तिचा आयुष्यभराचा सगळ्यात लाडका पदार्थ. दूध आटवलं, वेलदोडा ताजा कुटून घातला. तिने दुपारी वाटीभर आनंदाने खाल्ली. संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या त्या पहाटेपर्यंत थांबल्या नाहीत. चार दिवसांनी तिला जरा बरं वाटलं तेव्हा मी तीच खीर पुन्हा केली. वेलदोड्याचा वास आला आणि ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. "तुझा दोष नाही रे, पण ते आत आणू नकोस," एवढंच म्हणाली.

पुढच्या खेपेला आहारतज्ज्ञ बाईंना हे सांगितलं, तर त्या पहिलं वाक्य हे बोलल्या: "डोसच्या दिवशी आवडता पदार्थ कधीच देऊ नका." हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! म्हणून इथे सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी घरची खीर वाचेल.

मळमळ सुरू होण्याआधी आपण जे खाल्लं, त्याच्यावर शरीर ठपका ठेवतं. १९५५ मध्ये जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उंदरांवर दाखवलं होतं. सॅकरिन घातलेलं गोड पाणी पिताना उंदरांवर किरणोत्सर्गाचा मारा केला, तर नंतर ते त्या गोड पाण्याला तोंड लावेनात. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टाईन यांना केमोथेरपी घेणाऱ्या मुलांमध्ये हेच दिसलं. औषधाआधी एका वेगळ्याच स्वादाचं आईस्क्रीम खाल्लेली मुलं पुढे ते आईस्क्रीम टाळू लागली. हा धडा शरीर एकाच खेपेत शिकतं. खाणं आणि उलटी यांच्यात काही तास गेले तरी शिकतं, आणि "औषधामुळे झालं, खिरीमुळे नाही" हे डोक्याला पक्कं माहीत असलं तरी शिकतं. आईला ते पूर्ण ठाऊक होतं. तिच्या जिभेला ते पटत नव्हतं.

याच बर्नस्टाईन आणि त्यांच्या एका सहकारी संशोधकाने १९८७ मध्ये एक उपाय तपासला. मुलांना जेवण आणि औषध यांच्या मध्ये एक उग्र चवीची खाऊची गोळी चघळायला दिली. नंतरचा राग बराचसा त्या गोळीवर निघाला, जेवण वाचलं. गोळीला बळीचा बकरा केलं म्हणा. आम्हीही आईला डोसच्या आधी अशी एक गोळी द्यायचो, जी पुढे आयुष्यात कधी खाल्ली नाही तरी तिचं काही अडणार नव्हतं.

आणि जेवण म्हणून मऊ भात. फार कौतुकाचा नाही, फार नावडता नाही, वास जवळजवळ नाही. तोही गरमागरम द्यायचा नाही, कोमट करून, कारण वाफेबरोबर वास उठतो आणि मळमळणाऱ्या माणसाला वासच आधी नकोसा होतो. लहान वाटीत, चार चमचे. पहिल्या दिवशी तिने मोजून चार चमचे खाल्ले. मी दाराशी उभा राहून मोजत होतो.

उरलेला भात मी खायचो. माझ्यासाठी वेगळं काही रांधण्याचं त्राण नव्हतं. रात्री साडेदहा-अकराला, तिला झोप लागली की ओट्याशी उभं राहून, त्याच पातेल्यातून. आठ महिने हे चाललं. कधीतरी त्या आठ महिन्यांत असं झालं की, पातेल्यावरचं झाकण काढलं की माझे खांदे आपोआप खाली यायचे. दिवस संपला, आई झोपली, आता काही करायचं नाही, हे सगळं त्या वाफेला चिकटलं. आज कामावरून चिडून आलो तरी तीच वाफ तेच करते.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हे आहे: हा दिलासा शिकलेला असतो. नावड एका रात्रीत बसते, ओढ लागायला मात्र पुष्कळ वेळा तेच खावं लागतं, आणि त्या प्रत्येक वेळी आजूबाजूला थोडी शांतता लागते. ज्यांना आजीच्या हातचं आठवतं त्यांचं हे शिकणं नकळत होऊन गेलं. तुम्हाला ते जाणूनबुजून करावं लागेल, इतकाच फरक. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवण यांच्या केंद्रांच्या अगदी जवळून जाते, आणि ती वाट चाळिशीतही बंद झालेली नसते.

दोन अभ्यास सांगतो, कारण या विषयावर लोक फार ठामपणे बोलतात. २०११ मध्ये जॉर्डन ट्रॉइसी आणि शिरा गेब्रिएल यांनी दाखवलं की, असा पदार्थ आपल्याला आपल्या माणसांची आठवण करून देतो आणि एकटेपणाची बोच थोडी कमी करतो. ज्यांची नाती भरवशाची असतात त्यांच्यात हे जास्त दिसलं. याच्या उलट २०१४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या एका गटाने, नासाच्या पैशावर, लोकांना उदास करणारी चित्रफीत दाखवली आणि मग काहींना त्यांचा आवडता दिलाशाचा पदार्थ, काहींना दुसरं खाणं आणि काहींना काहीच दिलं नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचीच मनःस्थिती सारखीच सुधारली. म्हणजे पदार्थाने जादू केली नाही, वेळ गेला.

मला हा दुसरा अभ्यास पटतो आणि तरी मी माझा मऊ भात सोडत नाही. चित्रपट पाहून आलेली उदासी वीस मिनिटांत ओसरते. मी ज्या रात्रींबद्दल बोलतोय त्या रात्री उदासी ओसरणार नव्हती, प्रश्न एवढाच होता की पोटात काहीतरी जाऊन झोप लागेल की नाही. त्या वेळी जे अन्न काही मागत नाही, ते उपयोगी पडतं. चावायचं नाही, निवडायचं नाही, चवीकडे लक्ष द्यायचं नाही. जगभर भात खाणाऱ्या माणसांनी हेच शोधून काढलेलं दिसतं. चिनी लोकांची कॉन्जी, जपान्यांची ओकायू, कोरियातलं जुक, आपली पेज, सगळ्यांचं मूळ एकच: मूठभर तांदूळ आणि पुष्कळ पाणी. जिथे भात नाही तिथे दुधात भिजवलेली पोळी किंवा पाव, कुस्करलेला बटाटा, पातळ सूप. मऊ, कोमट, चमच्याने खाता येणारं.

आता करायचा कसा ते. मी वर्षानुवर्षं केलाय, त्यामुळे यात मी मागे हटणार नाही. एका माणसाला पाव वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, म्हणजे एकास आठ. तांदूळ नवा असेल तर उत्तम. नव्या तांदळाचा भात चिकट होतो म्हणून एरवी लोक नाक मुरडतात, इथे तोच गुण. जुना, लांब दाण्याचा सुटसुटीत तांदूळ यासाठी नको. कणी असेल तर फारच छान, लवकर शिजते. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचे, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचे, झाकण अर्धवट, नाहीतर हमखास ऊतू जातं. चाळीस मिनिटं. अधूनमधून तळापासून ढवळायचं, नाहीतर खाली लागतो. दाण्यांच्या कडा विरघळल्या आणि पाणी दुधाळ, दाटसर झालं की झाला. मीठ शेवटी. कुकरमध्ये करायचा असेल तर कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका, तांदळाचा फेस वर येऊन शिट्टीची वाट अडवतो.

तुम्ही लिहिलंय की, घरी आल्यावर चाळीस मिनिटं उभं राहवत नाही. त्यासाठी एक युक्ती: तांदूळ धुऊन, निथळून, एकेका वेळेपुरते पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. दाण्यात शिरलेलं पाणी गोठलं की दाण्याला आतून चिरा पडतात. हे गोठलेले तांदूळ तसेच उकळत्या पाण्यात टाकले की वीस मिनिटांच्या आत मऊ भात तयार. मी दर रविवारी पाच पिशव्या भरतो. बुधवारी रात्री त्या रविवारच्या माणसाचे मी मनापासून आभार मानतो.

शिजलेला भात मात्र बाहेर ठेवू नका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढीला लागतात. त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. आजारी माणूस घरात असेल तर यात हयगय नकोच. थंड झालेला भात दगडासारखा घट्ट होतो, तेव्हा पाण्याबरोबरच चांगला वाफाळेपर्यंत गरम करा, पुन्हा सैल होतो.

आणखी एक, हे पूर्ण जेवण नव्हे. चाळीस ग्रॅम तांदळात जेमतेम तीन ग्रॅम प्रथिनं असतात. एखादी रात्र काढायला ठीक, पण आठवडाभर यावरच राहिलात तर अशक्तपणा येईल. शिजत आलेल्या भातात एक अंडं फोडून घातलं की सहा ग्रॅमची भर पडते, किंवा मूठभर मुगाची डाळ तांदळाबरोबरच टाका. आणि जेवणावरची वासनाच दोन-तीन आठवडे उडालेली असेल, तर पदार्थ शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आईच्या बाबतीत आम्ही सुरुवातीला ते "दगदगीमुळे" म्हणून सोडून दिलं होतं.

तुमच्यासाठी भातच हवा असं नाही. एकच साधी गोष्ट निवडा, जी झोपेतही करता येईल. एकच वाटी, एकच चमचा, शक्यतो एकच जागा. फोन दुसऱ्या खोलीत. आधी ती बऱ्या दिवशी खायला लागा, अगदी वाईट दिवसासाठी राखून ठेवू नका. फक्त वाईट दिवशीच खाल्ली तर तिला तोच वास चिकटेल. आणि पोट बिघडलेलं असताना ती नको, खिरीचं काय झालं ते सांगितलंच. दोन-तीन महिने द्या. जमलं तर एखाद्या वेळी दुसऱ्या कुणालातरी तीच करून घाला, शेजारच्या आजारी माणसाला, खोलीतल्या जोडीदाराला. मला वाटतं, माझा भात माझा झाला त्यात आईचे ते चार चमचे मोजण्याचा वाटा मोठा आहे.

आई आता बरी आहे, उपचार संपून चार वर्षं झाली. मऊ भात तिला आता डोळ्यांसमोरही नको असतो, त्यामुळे मी तो केला की ती आपली पोळी घेऊन बाहेर बसते. मागच्या महिन्यात तिने पहिल्यांदा स्वतःहून खीर मागितली. "वेलदोडा नको हं," म्हणाली. अर्धी वाटी खाल्ली, वाटी खाली ठेवली, मग जरा वेळाने पुन्हा उचलली.