'मॅडम, पण प्रश्न खरंच लंगोटाचा आहे'

बाप होणारे पुरुष समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा काळज्या साधारण ठरलेल्या असतात. पैसा पुरेल का, हिला काही होणार नाही ना, बाळ हातात घेतल्यावर आतून काही वाटलंच नाही तर काय. आणि अजून एक असते जी काळजी म्हणून कुणी सांगतच नाही, हसण्यावारी नेतात, ती म्हणजे सामानाची. कुठला पाळणा, कुठली बाटली, कुठलं डायपर. रात्री दोन वाजता फोनवर हेच वाचत बसणारे कितीतरी जण असतात आणि सकाळी बायकोला सांगतात की झोप लागली नाही, गरम होत होतं.

ही गोष्ट अशाच एकाची. परवानगी घेतलीये आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. बायकोला सातवा महिना होता. तिनेच त्याला पाठवलं होतं, कारण तीन आठवडे हा माणूस धड झोपला नव्हता. झालं काय होतं, तर दोघांनी ठरवलं की बाळाला कापडी डायपर वापरायचे आणि ती सहज म्हणाली, कुठले घ्यायचे ते तू बघ. झालं. हा बघायला बसला तो बघतच राहिला. माझ्यासमोर आला तेव्हा हातात एक मोठी पिशवी आणि एक प्रिंटआऊट होता, आडव्या कागदावर, १४ कॉलम, अक्षर इतकं बारीक की मला चष्मा पुसून घ्यावा लागला.

आता माझी चूक सांगते. मी तो कागद बाजूला ठेवला आणि आमच्या धंद्यातला आवडता प्रश्न विचारला, की या सगळ्यामागे नक्की कसली भीती वाटतेय. बिचारा वीस मिनिटं शहाण्या मुलासारखी उत्तरं देत राहिला. हो, टेन्शन आहे. हो, ती नऊ महिने सगळं अंगावर काढतेय आणि माझ्याकडे करण्यासारखं हे एकच काम आहे, ते तरी नीट व्हावं असं वाटतं. मला वाटलं वा, आलोच की आपण मुद्द्यावर. तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, हे सगळं बरोबर आहे, मी घाबरलोय हे मला माहितीये. पण प्रश्न खरंच लंगोटाचा आहे. घ्यायचे कुठले?"

मी गप्पच झाले. कारण त्याचं बरोबर होतं. माणसाने पत्ता विचारावा आणि आपण त्याला विचारावं की तुला जायचंय का खरंच, असलं काहीतरी मी करत होते. माझी दोन्ही पोरं कापडावर वाढली आहेत, शेकडो आयांशी यावर बोलणं झालंय, म्हणजे उत्तर माझ्याकडे होतं आणि मी ते खिशात ठेवून बसले होते. म्हटलं, काढा ती पिशवी.

पिशवीतून सहा निघाले, प्रत्येक प्रकारचा एक, टेबलावर ओळीने मांडले. पहिला एकदम साधा, चौकोनी कापड, ज्याला हल्ली फ्लॅट म्हणतात, म्हणजे जुनी आपली लंगोट, एक पदरी कापड आणि घड्या आपण घालायच्या. दुसरा प्रीफोल्ड, त्यात मधली पट्टी जाड शिवलेली असते म्हणजे घड्यांचं अर्धं काम आधीच झालेलं. तिसरा फिटेड, त्याला पायाशी इलॅस्टिक आणि पुढे टिचबटणं, दिसतो डायपरसारखा पण सगळा शोषणाऱ्या कापडाचाच, त्यामुळे या तिन्हींवर वरून पाणी न झिरपणारं कव्हर लागतंच. हे आत पातळ प्लास्टिकचा थर दिलेलं कापड असतं, पीयूएल म्हणतात त्याला. चौथा पॉकेट, बाहेर तेच कव्हरचं कापड, आत अंगाला कोरडं लागणारं अस्तर आणि मधल्या खिशात इन्सर्ट, म्हणजे शोषणारी सुटी पट्टी, सरकवायची. पाचवा म्हणजे वरचं कव्हर तेच ठेवून आतला इन्सर्ट तेवढा बदलता येतो तो. आणि सहावा ऑल-इन-वन, सगळं एकत्र शिवलेलं, घातला की झालं, बटण लावलं की संपलं. त्याच्या कागदावर हा सहावा पहिल्या नंबरवर होता.

प्रत्येकाला मार्क दिले होते बरं का. आणि कसे दिले ते ऐका, याने घरी प्रत्येक डायपरवर मापाने १०० मिली पाणी ओतलं होतं, घड्याळ लावून, आणि किती सेकंदात आत गेलं, किती बाहेर आलं ते लिहिलं होतं. मायक्रोफायबरचा, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचा, इन्सर्ट सगळ्यात झटपट पाणी प्यायला म्हणून त्याला जास्त मार्क. बांबूच्या इन्सर्टवरून मात्र पाणी थेंबथेंब होऊन ओघळून गेलं, त्याच्यासमोर लाल शाईत लिहिलं होतं, निकामी.

मी विचारलं, "धुतला होता का आधी?"

"नाही, नवा कोरा होता. पाकिटातून काढला आणि टेस्ट केली."

आता ज्यांनी कापडी वापरलेत त्यांना हसू येईल. कोरं सुती किंवा बांबूचं कापड पाणी घेतच नाही लवकर, त्यात तेलकटपणा असतो, तो चार-पाच धुण्यांत जातो आणि मग कुठे कापड पूर्ण प्यायला लागतं. आणि मायक्रोफायबरचं उलट, घेतं पटकन पण दाबलं की सोडतं पण पटकन, आणि बाळ काय हवेत तरंगत असतं का, ते कुणाच्या तरी मांडीवर बसलेलं असतं. मी त्याला तो भिजवून मुठीत दाबायला लावला, तिथेच, खोलीतल्या बेसिनवर. हातातून धार लागली. शिवाय हे मायक्रोफायबर थेट कातडीला लावायचं नसतं, कातडीचा ओलावाही ओढून घेतं आणि ती कोरडी पडते, म्हणून ते खिशात घालूनच वापरतात. तो हात पुसत म्हणाला, "म्हणजे तीन आठवड्यांचा डेटा चुकला?" म्हटलं, चुकला नाही, कापड नवं होतं एवढंच. तो पहिल्यांदा हसला.

मग मी कागद परत घेतला आणि १४ कॉलम वाचले. शोषण, मऊपणा, बटणं किती, इलॅस्टिक एकपदरी की दुपदरी, रंग टिकतो का. वाळायला किती वेळ लागतो हा कॉलमच नव्हता. विचारलं, तुमच्याकडे कपडे वाळतात कुठे? तर मशीन आहे, ड्रायर नाही, एक छोटी बाल्कनी, तिथे सकाळी तीन-चार तास ऊन, दोऱ्या तीन. मग आम्ही साधा हिशोब मांडला. नवजात बाळाला दिवसाला १०-१२ वेळा बदलावं लागतं. दिवसाआड धुवायचं म्हटलं तर २०-२४ लंगोट फिरत्या हव्यात. आता तीन दोऱ्यांवर २४ ऑल-इन-वन डोळ्यासमोर आणा, सहा-सात थर एकत्र शिवलेले, बाहेरून सुकल्यासारखे वाटतात आणि मधे बोट दाबलं की ओल. एक पदरी चौकोन त्याच दोरीवर एका उन्हात कडक होतो. म्हणजे त्याचा पहिला नंबर त्याच्याच बाल्कनीत नापास.

इथे त्याने ब्रिटनच्या एनव्हायर्नमेंट एजन्सीच्या २००८ च्या अहवालाचा विषय काढला, वाचलेला होता सगळा. त्यात सरासरी धरली तर अडीच वर्षांत कापडी आणि डिस्पोजेबल दोन्हींचा कार्बनचा भार जवळपास सारखाच निघाला होता, साधारण ५५०-५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका, आणि हे वाचून तो अजूनच हबकला होता की मग एवढा खटाटोप कशाला. पण त्याच अहवालात पुढे होतं की मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या बाळाला तेच वापरले तर कापडीचा भार ४० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे फरक पडतो तो धुण्यात आणि वाळवण्यात. तो म्हणाला, "हे मी वाचलं होतं. पण मी प्रकार शोधत होतो ना, त्यामुळे ते डोक्यात गेलंच नाही."

दुसऱ्या वेळी दोघं आले. तिला विचारलं तर म्हणाली, "मी तू बघ म्हटलं कारण मला खरंच फरक पडत नव्हता रे, कुठलेही चालले असते." याने ते परीक्षा म्हणून ऐकलेलं. यावर आम्ही फार वेळ घालवला नाही, दोघांनी एकमेकांकडे बघितलं ते पुरेसं होतं. मुख्य बोलणं यादीवरच झालं.

मी त्यांना जे सांगितलं ते थोडक्यात सांगते, कारण हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. एका प्रकारचे २४ एकदम घेऊ नका. बाळ कसं असेल, मांड्या बारीक की भरलेल्या, हे आत्ता कुणालाच माहीत नाही. आणि एकच साइज जन्मापासून पुढे चालते असं म्हणून जे विकतात ना, ते साधारण चार किलोच्या खालच्या बाळाला ढगळच होतात, पायाशी फट राहते आणि तिथून सगळं बाहेर. पहिल्या दोन महिन्यांसाठी फ्लॅट किंवा प्रीफोल्ड आणि छोट्या मापाची चार-पाच कव्हरं, बस. याचा अजून एक फायदा, नाळेचा तुकडा गळून पडेपर्यंत म्हणजे पहिला एक-दोन आठवडे पुढची कड खाली दुमडून ठेवता येते, बेंबीला घासत नाही. शिवाय सुरुवातीची ती काळी चिकट शी साध्या कापडातून काढणं त्यातल्या त्यात सोपं. पिना नको वाटत असतील तर हल्ली रबरी क्लिप मिळते तीन टोकांची, ती कापडात अडकते. सोबत दोन-तीन पॉकेट, बाहेर जाताना किंवा दुसरं कुणी बाळ सांभाळणार असेल तेव्हा बरे पडतात. बाकीची खरेदी बाळ आल्यावर. आणि रात्रीसाठी किंवा अगदीच दमल्यावर डिस्पोजेबल वापरलं तर काही बिघडत नाही, हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं, कारण ठरवलेलं मोडलं की अपराधी वाटून घेणारी मंडळी ही.

धुण्याचं त्याने लिहून घेतलं. बादलीत भिजत ठेवायचं नाही, कोरड्या डब्यात टाकायचं, दोन-तीन दिवसांच्या आत धुवायचं, आधी एकदा नुसतं छोटं धुणं आणि मग साबणाचं मोठं. सॉफ्टनर अजिबात नाही, त्याचा थर बसला की कापड पाणी घेत नाही. पुरळासाठी लावायची जाड पांढरी मलमं पण कापडाला धरून बसतात, लावायचंच असेल तर मधे एक पातळ फडकं. आणि पुरळ दोन-तीन दिवसांत हटत नसेल, फोड आले किंवा ताप आला तर लंगोट बदलत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. बाळ फक्त आईच्या दुधावर असेपर्यंत शी पाण्यात विरघळते, मशीनला तशीच चालते. वरचं खाणं सुरू झालं की आधी संडासात झटकायची.

गृहपाठ एकच दिला. दिवा मंद करून उशीवर घडी घालायची, रोज रात्री पाच वेळा. का, तर खरं काम त्याच उजेडात करायचंय. तो म्हणाला, उशी रडत नाही पण. म्हटलं, म्हणूनच तिच्यावर आधी.

बाळ झालं, मुलगी, २.८ किलोची. तीन आठवड्यांनी तिघं भेटायला आले. बोलता बोलता मुलगी ओली झाली, याने बोलणं न थांबवता सतरंजीवर तिला ठेवलं, चौकोन पसरला, दोन घड्या, एक टोक वर, क्लिप. कव्हर लावल्यावर त्याने एक बोट तिच्या मांडीच्या कडेने आतून फिरवलं आणि बाहेर डोकावणारी कापडाची कड आत ढकलली, कारण ती एवढीशी कड बाहेर राहिली तरी सगळा ओलावा तिथून झग्यात उतरतो. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

म्हटलं, हे कुठे शिकलात?

"चार झगे भिजवून," तो म्हणाला.

पॉकेट तीनही अजून मोठे होतायत, कपाटात आहेत, आणि दोन रात्री सरळ डिस्पोजेबल घातलं, हे त्याने न विचारता सांगितलं आणि सांगताना मान खाली वगैरे घातली नाही. मी त्या १४ कॉलमच्या कागदाची चौकशी केली. तर बायको म्हणाली, आहे ना, फ्रीजवर लावलाय उलटा करून, दूध किती वाजता प्यायली ते त्याच्या मागे लिहितो आम्ही.