अंगणातला भुईआवळा आणि दिराची कावीळ

प्रश्न : आमचं गाव राजापूर तालुक्यात. पाऊस लागला की खळ्यात, माडांच्या आळ्यात, अगदी तुळशीच्या कुंडीतसुद्धा भुईआवळा उगवतो. आजेसासूबाई काविळीवर तो मुळासकट वाटून ताकातून द्यायच्या, तीन दिवस अनशापोटी, वर अळणी पेज. आता दिराला कावीळ झालीय, लावणी आटपून आठवडा झाला नि सणकून ताप आला, पोटऱ्या धरल्या, मग डोळे पिवळे. घरात दोन तट पडलेत. द्यावा का? आणि उगवलंय तो भुईआवळाच हे ओळखायचं कसं? – एक वाचक

उत्तर : ताई, आधी दिराला आजच्या आज दवाखान्यात न्या, बाकीचं नंतर वाचा. लावणीनंतर ताप, पोटऱ्या दुखणं आणि मग पिवळेपणा, हे ऐकून मला पहिला लेप्टोच (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आठवला. उंदीर-गुरांच्या मुतातून त्याचे जंतू कुणग्यातल्या (भातखाचरातल्या) पाण्यात येतात नि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात, सिंधुदुर्गात तर लावणीच्या दिवसांत सरकारी दवाखान्यातून डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या देतात त्या याचसाठी. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर माणूस बरा होतो, पण तीन दिवस ताक पीत घरी बसला आणि तेवढ्यात किडनीवर गेलं तर मग धावाधाव. रक्त तपासायला सांगा आणि लघवी कमी होतेय का तेही डॉक्टरना सांगा.

आजेसासूबाई काही खोटं करत नव्हत्या हो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळलं की जी कावीळ येते ती बहुतेक ए नाहीतर ई प्रकारची, आणि त्यातले बहुतेक जण काही आठवड्यांत विश्रांतीवरच बरे होतात, मग ताकातला भुईआवळा घेतलेला असो नसो. श्रेय मात्र औषध देणाऱ्याला! पण सगळंच हवेत आहे असंही नाही. आयुर्वेदात ही तामलकी किंवा भूम्यामलकी, च्यवनप्राशातसुद्धा ती पडते. 1988 साली मद्रासच्या डॉक्टरांनी अंगात बी काविळीचा विषाणू असलेल्या लोकांना 30 दिवस याची पूड दिली, तर 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, नुसती खोटी गोळी घेतलेल्या 23 जणांत मात्र एकाचीच. केवढा गाजावाजा झाला तेव्हा! पुढे दुसरीकडे करून बघितलं तर तसा गुण आला नाही, त्यामुळे एवढ्यावर विसंबून औषध सोडायचं नाही. तिकडे ब्राझीलमध्ये लोक हीच वनस्पती मुतखड्यावर उकळून पितात, पोर्तुगीजमध्ये तिचं नावच दगडफोडी अशा अर्थाचं आहे.

घरात कोणी गरोदर असेल तर तिला हे देऊ नका, आणि तिचे डोळे पिवळे दिसले तर थांबूच नका, ई काविळीत शेवटच्या महिन्यांत जिवावर बेततं. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरना विचारूनच, कारण यानेही साखर उतरू शकते.

आता ओळख. रोप वीतभर, फार तर हातभर, पानं चिंचेच्या पानांसारखी बारीक, म्हणून आमची एक काकू दोन वर्षं चिंचेची रोपटी उपटून वाळवत होती. खूण काय, तर फांदी उलटी करून बघायची. पानांच्या खालच्या बाजूला मोहरीपेक्षा थोडी मोठी, बारीक देठाची गुळगुळीत हिरवी फळं ओळीने लोंबत असतात, हुबेहूब आवळ्याची पिल्लं. देठ तांबडा, फळं खरखरीत आणि फांदीला चिकटलेली असतील तर ती त्याची लाल बहीण, वेगळी जात. पान चावून बघाल तर कडूजहर. पावसाळा सरला की रोप वाळून जातं, पोफळीच्या आगरात शिंपण असतं तिथे मात्र उन्हाळ्यातही सापडतं. आणि दिवेलागणीला कंदील, नाहीतर मोबाइलचा टॉर्च घेऊन बघा, पानं जोडीजोडीने मिटून झोपलेली दिसतील.