ग्रुपवर कोणी बोलतच नाही, माझंच काही चुकतंय का?

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, माणूस जीव ओतून ग्रुप चालवतो आणि समोरून चिडीचूप. मागे एक ताई आल्या होत्या त्यांची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. वडिलांना पॅरालिसिस झाला तेव्हा साधीसाधी गोष्ट कोणाला विचारावी ते कळायचं नाही म्हणून त्यांनी घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. वडील गेले, ग्रुप राहिला. आठशेच्या वर लोक झाले. "मॅडम मी दिवसभर त्यातच असते, आणि बोलणारे तेच सात-आठ जण. बाकीचे नुसते बघतात. मग मी हे करते कोणासाठी?" फोन टेबलावर पालथा ठेवला होता, तो थरथरला की यांचा हात अर्ध्यापर्यंत जायचा आणि परत यायचा.

आधी त्या गप्प बसणाऱ्यांचं बोललो. जेकब नील्सन म्हणून वेबवरचे अभ्यासक आहेत, त्यांनी २००६ मध्ये एक ढोबळ गणित मांडलं होतं, शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात आणि १ सतत लिहितो. म्हणजे आठशेत आठ. ताईंचा ग्रुप मेलेला नव्हताच, तो चारचौघांच्या ग्रुपसारखाच होता. आणि वाचणाऱ्याला काही मिळत नाही असं तर अजिबात नाही. इर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० मध्ये ग्रुप थेरपी, म्हणजे अनेकांनी एकत्र बसून घ्यायचे मानसोपचार, कशामुळे लागू पडते ते लिहिलं, त्यातलं एक कारण म्हणजे 'हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही' हे कळणं. ते कळायला तोंड उघडावं लागत नाही. मी हे माझ्या कामात कितीदा पाहिलंय, पहिले तीन-चार आठवडे एक शब्द न बोललेला माणूस म्हणतो की मला इथे आलं की बरं वाटतं.

पण ताईंची खरी अडचण आकड्यात नव्हती. मी म्हटलं शेवटचे काही मेसेज दाखवा. त्यात एक होता, रात्री २ वाजून १४ मिनिटांचा. "आज परत झोप नाही. सासूबाई दर तासाला हाक मारतायत." खाली २ वाजून १५ मिनिटांनी ताईंचं उत्तर, 'शांत झोपेसाठी दहा उपाय', वर हात जोडलेले, खाली फूल. त्याच्यापुढे काहीच नाही, सकाळपर्यंत.

मी त्या उत्तराबद्दल काही बोलले नाही, एवढंच विचारलं की तुम्ही सव्वादोनला जाग्या कशा?

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग सांगितलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात. ते त्यांनी तीन वर्षं केलं, अलार्म लावून. आता कोणाची कूस बदलायची नाहीये तरी दोनला डोळे उघडतात, आणि मग हात फोनकडे जातो. म्हणजे दिवसरात्र मिनिटाच्या आत उत्तर देणारी ही बाई वडिलांचंच करत होती अजून, फक्त आता आठशे लोकांचं. हे बोलून झाल्यावर त्या रडल्या आणि त्या दिवशी आम्ही ग्रुपचा विषय तिथेच सोडला.

पुढच्या वेळी त्या सासूबाईंचं लिहिणाऱ्या बाईंना काय उत्तर लिहायचं ते बघितलं. वीसेक मिनिटं गेली त्यात, दोनदा उपाय लिहून झाले आणि दोनदा त्यांनी स्वतःच पुसले. शेवटी गेलं ते असं, "त्या रात्री मी पण जागी होते. बाबांची कूस बदलायची वेळ असायची ती. तुमची रात्र कशी गेली मग?" त्यावर त्या बाईंचा भला मोठा मेसेज आला, आणि त्याखाली तिघी अशा ज्या आधी कधीच दिसल्या नव्हत्या, "मी पण जागीच असते हो दोनला."

मग एक ठरवलं, तातडीचं नसेल तर तासभर उत्तर द्यायचं नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. पण तुम्ही मिनिटात उत्तर दिलंत की दुसऱ्याला कोणाच्या उपयोगी पडायची संधीच राहत नाही, आणि माझं असं ठाम मत आहे की माणूस ग्रुपमध्ये टिकतो तो मदत मिळाली म्हणून कमी आणि आपण कोणाच्या तरी कामी आलो म्हणून जास्त. एकदा कोणीतरी विचारलं की आईला एकटीने पलंगावर सरकवायचं कसं, ओढलं की कातडी सोलवटते. ताई घड्याळ बघत बसल्या. चाळीस मिनिटांनी एका काकांनी लिहिलं, वर्षभरात पहिल्यांदा. जाड चादर दुमडून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालून ठेवायची आणि माणसाला न ओढता चादर सरकवायची. फोटो पण टाकला, स्वतःच्या पलंगाचा.

सगळंच जुळून आलं असं नाही. 'अ‍ॅडमिनना आता वेळ नाही' असं लिहून एक जण ग्रुप सोडून गेले, ताईंना ते आठवडाभर लागलं. रात्रीसाठी दोघी जणी पुढे आल्या, आणि कोणी जीव नकोसा झाल्याचं लिहिलं तर ग्रुपवर धीराचे मेसेज टाकत बसायचं नाही, लगेच फोन करायचा, घरच्या कोणाला तरी सांगायचं, हेल्पलाइनला जोडून द्यायचं, हे तिघींनी आधीच लिहून ठेवलंय. आठशे जणांची आठवण ठेवणं कोणालाच जमत नाही, म्हणून एक वही केलीये, रोज पाच नावं, कोणाचं ऑपरेशन होतं, कोणाकडे कोण गेलं, आणि त्यांना वेगळा मेसेज करून विचारायचं.

परवा आल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, त्या सासूबाईंवाल्या बाई आहेत ना, त्यांनी काल मला विचारलं, ताई तुमची झोप कशी आहे आता? मी पाच वेळा 'मस्त' लिहिलं आणि पुसलं." मग काय पाठवलंत, मी विचारलं. तर फोन पुढे केला. "अजून दोनला जाग येते. पण काल परत झोपले."