चालून ९ किलो उतरलं, आता काटा हलत नाही. कार्डिओसोबत वेट ट्रेनिंग सुरू करू का? केलं तर आधी काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की रोज तासभर चालून ८६ च्या ७७ झालात, दोन महिने झाले काटा तिथंच अडकलाय, आणि घरचे म्हणतात, 'चालणं अजून वाढव, वजनं उचलायला जाऊ नकोस, बाईमाणसाचं अंग राठ होतं.' हे शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायच्या फंदात पडले नसते.

आधी उत्तर. हो, सुरू करा. चालणं हाच तुमचा कार्डिओ, तो सोडू नका, पण वाढवूही नका.

आता त्या वाक्याबद्दल. साताऱ्यात आमच्या घरी हे वाक्य माझ्या धाकट्या दिरांच्या मालकीचं आहे. भाऊजी सातारा हिल मॅरेथॉनवाले. २०१२ ला ती सुरू झाली तेव्हापासूनचे. हॉलमध्ये देवांच्या फोटोंपेक्षा त्यांची मेडलं जास्त. माणूस मनाने चांगला, पण घरातल्या कुणाचंही वजन म्हणजे आपलाच विषय, असा त्यांचा समज. मी समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायला जायचे. त्यांची शर्यत जाते तोच घाट. आधी वजन भराभर उतरलं, मग तुमच्यासारखंच थांबलं. भाऊजींचं निदान तयार होतं : "वहिनी, तुम्ही चालत नाही, फिरता. पळा." पळूनही पाहिलं. भूक वाढली, गुडघे कुरकुरायला लागले, काटा ढिम्म.

तेव्हा मी जिम लावली. पोवई नाक्याच्या बाजूला, दुपारची लेडीज बॅच. जिमचं नाव सांगत नाही. तिथल्या ट्रेनरने माझ्या हातात एक-एक किलोचे गुलाबी डंबेल दिले आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं फक्त टोनिंग करायचं." मी पतसंस्थेत कॅशला बसते. घरी जाताना मंडईतून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तिसरा मजला चढते, कारण आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. एका पिशवीचं वजन त्या दोन्ही डंबेलांपेक्षा जास्त भरेल. त्याला तसं सांगितलं तर हसला आणि ट्रेडमिलकडे बोट दाखवलं. म्हणजे हे दुसरे भाऊजी, फी घेणारे.

नशिबाने त्या बॅचला पुढे माण तालुक्यातली एक मुलगी ट्रेनर म्हणून आली. कबड्डी खेळलेली, बोलायला फटकळ. तिने गुलाबी डंबेल कोपऱ्यात सारले आणि रिकामा रॉड हातात दिला. पाठ सरळ ठेवून, गव्हाचं पोतं उचलावं तसं मांड्यांच्या जोरावर उचलायला शिकवलं. रॉड जमला की प्लेटा वाढवायच्या, जमेनाशा झाल्या की थांबायचं. बाकी तिने फार काही शिकवलं नाही, आणि फार काही लागतही नाही.

पहिल्या महिन्यात काय झालं? वजन सव्वा किलोने वाढलं! रात्री जेवताना भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा होता. तुमचंही वाढू शकतं, आताच सांगून ठेवते. नवीन व्यायामाने स्नायू आतून थोडे सुजतात आणि पाणी धरतात. शिवाय स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, साठतं तेव्हा दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणीही सोबत साठतं. ती चरबी नव्हे. पण हे जेवणाच्या ताटावर कोण ऐकतो? "म्हटलं नव्हतं?" एवढंच ऐकून घ्यावं लागलं.

मला न्याय दिला तो आमच्या शिंप्याने. दिवाळीचे ब्लाउज शिवायला टाकले तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे वहीतलं जुनं माप काढलं, मग टेप लावली आणि म्हणाला, "ताई, कंबरेला दोन इंच आत घ्यावं लागतंय, पण दंडाला अर्धा इंच सोडावं लागेल." त्या दिवशी वजन जिम लावायच्या आधी होतं तेवढंच होतं, अगदी ग्रॅममध्ये नसेल, पण तेवढंच. मी त्याच्या वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. जाऊबाईंनी अंगठा दिला. भाऊजींनी पाहिलं, निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

तुमच्या घरच्यांना आकडे दाखवायचे असतील तर हे दाखवा. पळताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे, ढोबळमानाने १ कॅलरी खर्च होते. ७० किलोचा माणूस २१ किलोमीटरची अख्खी हाफ मॅरेथॉन पळाला तर जेमतेम १५०० कॅलरी. एक किलो चरबीत असतात ७७०० च्या आसपास. म्हणजे घाट चढून-उतरून, मेडल गळ्यात घालून चरबी गेली पाव किलोहून कमी, आणि नंतर मिसळीवर ताव मारला तर तीही परत. आता तुमचं बघा. ८६ चं शरीर वाहून नेण्यापेक्षा ७७ चं वाहून नेणं दहा टक्के स्वस्त पडतं. तोच तास, तोच रस्ता, खर्च कमी. वर शरीर बाकीच्या दिवसात हळूच हालचाल कमी करतं, आणि कमी खाणं चालू असताना चरबीबरोबर स्नायूही जातात. नुसतं चालणं वाढवत राहिलात तर या शर्यतीला शेवट नाही.

मात्र जिमवाल्यांच्या थापांवरही जाऊ नका. 'स्नायू झोपेतही चरबी जाळतात' असं छातीठोक सांगतात. एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसभरात १३ च्या आसपास कॅलरी खातो. चहातल्या छोट्या चमचाभर साखरेत त्याहून जास्त असतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा २०१२ चा एक अभ्यास आहे. एक गट नुसता कार्डिओ, एक नुसतं वेट, एक दोन्ही, असं आठ महिने. वजन आणि चरबी उतरवण्यात नुसतं वेट मागे पडलं. दोन्ही करणाऱ्यांची चरबी कार्डिओवाल्यांइतकी गेली आणि वर स्नायू वाढले, अर्थात त्यांना वेळही जवळजवळ दुप्पट द्यावा लागला. हा मुद्दा भाऊजींच्या बाजूने जातो. जाऊ दे.

आणि अंग राठ होण्याचं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. अडथळ्यांवरून उड्या मारत एवढं अंतर तोडायला मांड्यांत ताकद लागते. तिचं कौतुक करताना भाऊजींचं तोंड दुखत नाही, फक्त वहिनीच्या हातात रॉड दिसला की दुखतं.

आधी काय करायचं विचारलंत. एकाच दिवशी दोन्ही असेल तर आधी वेट, मग चालणं, कारण दमलेल्या पायांनी स्क्वॉट, म्हणजे रॉड घेऊन उठबशा, मारताना पाठ वाकते. आठवड्यातून दोन-तीन दिवस वेट पुरे. कार्डिओने वेटची मेहनत वाया जाते असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. हिक्सन नावाच्या संशोधकाच्या १९८० च्या प्रयोगापासून ती भीती चालत आलीय, पण त्यातले लोक दोन्ही प्रकार जवळजवळ रोज जोरात करत होते. आपण पतसंस्थेतून सुटून जिमला जाणारी माणसं.

खाण्याचं तुम्ही लिहिलंच नाही, म्हणून मला तिथंच शंका येते. आपल्याकडे भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, वर चटणी दाण्याची. त्यालाच प्रोटीन समजतात. १०० ग्रॅम दाण्यांत प्रोटीन २५ ग्रॅमच्या आसपास, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर. अंडी, दही, मटकी, मासे जे चालत असेल ते वाढवा आणि आठवडाभर कूट चमच्याने मोजून घाला.

हे आधी लिहायला हवं होतं, पण असो : बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून जा आणि उचलताना श्वास रोखून धरू नका. थायरॉईड तपासलं नसेल तर त्याची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. पाळीच्या आसपास काटा बघूच नका, पाणी साठलेलं असतं. गुडघा आधीच दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. आमच्या भाऊजींना यंदा दाखवावं लागलं. त्याने मांड्या बळकट करायला सांगितल्या, म्हणून सध्या रोज सकाळी घोट्याला वाळूच्या पट्ट्या बांधून पाय उचलतात. ते वेट ट्रेनिंग नाही म्हणे, 'गुडघ्याचा व्यायाम' आहे. पट्टी एक किलोची आहे, मी उचलून बघितली.