घाटात काटा चढतो, गावात नाही

प्रश्न : काका, माझ्याकडे वडिलांची 2004 ची एसीवाली मारुती 800 आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात ती आमच्या दारातच दीड दिवस पाण्यात होती. नंतर ऑइल, वायरिंग, सीट सगळं करून घेतलं. गावात गाडी अजिबात तापत नाही, काटा मध्यावर असतो, पंखा लागतो आणि बंदही होतो. पण माहेरी पाटणला जाताना कुंभार्ली घाट निम्मा चढला की काटा लाल रेघेला टेकतो आणि बाटलीतून पाणी उकळून बाहेर येतं. एरवी पाणी कमी होत नाही. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन गार असेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व) काढून टाकला, तरी फरक नाही. आता ते हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायला सांगताहेत. गाडी विकायला मन होत नाही. काय करू?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, हेडला अजून कोणाला हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की मी गाडी न बघताही आधी कुठे पाना लावायचा ते सांगू शकतो. एक, गाडी फक्त चढाला तापते. दुसरी, ती पुरात होती.

गाडी तापते म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, कधी तापते? उभ्या गाडीत तापत असेल तर संशय पंख्यावर. तुमचा पंखा वेळेवर लागतो, बंदही होतो, म्हणजे तो आणि त्याचा सेन्सर ठीक. चढाला मात्र इंजिन पूर्ण जोर लावतं, उष्णता कितीतरी जास्त तयार होते आणि दुसऱ्या गियरमध्ये समोरून वारा जेमतेम मिळतो. रेडिएटरची निम्मी जाळी बंद असली तरी गावातल्या गावात ती पुरते. पोफळी सोडून चढ लागला की तिचं खरं रूप दिसतं.

आता पुराचं. एसीच्या गाडीत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोन्हींमध्ये बोटभर फट. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो त्या फटीत जाऊन रेडिएटरच्या जाळीवर बसतो आणि वाळला की विटेसारखा घट्ट होतो. वॉशिंगवाला पुढून फवारा मारतो, त्याने कंडेन्सर चकचकीत होतो आणि मागचा गाळ जागच्या जागी राहतो. 2019 च्या महापुरानंतर आमच्या सांगलीत मी असे कितीतरी रेडिएटर उतरवले. एकातून निघालेला गाळ मी वर्तमानपत्रावर झाडला, तर चहाचा कप भरेल एवढा निघाला. वरून मात्र ती गाडी नव्यासारखी दिसत होती.

तेव्हा गाडी पूर्ण गार असताना बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन वरून त्या फटीत बघा. जाळीच्या रेषा सुट्या दिसायला हव्यात. मातकट सपाट भिंत दिसली तर दुखणं तिथेच आहे. रेडिएटर उतरवून घ्या आणि इंजिनाकडच्या बाजूने, हलक्या धारेने पाणी मारून धुवा. जोराच्या प्रेशरने जाळीची पाती वाकतात आणि वारा कायमचा अडतो. उतरवलाच आहे तर आतूनही उलटं पाणी सोडून बघा. तांब्या-पितळेचा असेल तर कारागीर टाकी उघडून नळ्यांत सळई घालतात, त्याला रॉडिंग म्हणतात. ॲल्युमिनियमचा आतून तुंबलेला असेल तर नवा घेतलेला बरा.

हेड गॅस्केटची (हेड आणि इंजिनामधल्या सीलची) शंका मनात नको म्हणून घरीच दोन तपासण्या करा. सकाळी गाडी चालू करण्याआधी वरचा जाड होस दाबा. रात्रभर गार होऊनही तो टणक असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. दुसरी, गार इंजिनावरच कॅप काढून गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या तोंडाशी बघा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा. सारखे येत राहिले तर गॅस्केट. ऑइलच्या पट्टीवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर हेड उतरवावंच लागेल. पण एरवी पाणी कमी होत नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे मला तशी भीती वाटत नाही.

काढलेला थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. 'वॉल्व काढला की गाडी गार' हा समज आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. वॉल्व नसला की इंजिन लवकर तापत नाही, एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीचा कंट्रोलर इंजिन अजून गारच आहे असं धरून पेट्रोल जास्त सोडतो. आणि मूळ दुखणं तसंच राहतं. जुना वॉल्व ठेवला असेल तर तो तपासणं सोपं आहे. त्याचं तोंड जरा उघडून फटीत दोरा अडकवा आणि दोऱ्याने तो पाण्याच्या भांड्यात टांगा, बुडाला टेकू देऊ नका. भांडं गॅसवर ठेवा. पाणी 82 अंशांच्या आसपास गेलं की तोंड उघडतं, दोरा सुटतो आणि वॉल्व टपकन खाली पडतो. नेमके अंश त्याच्यावरच कोरलेले असतात. पाणी उकळलं तरी लटकलेलाच राहिला तर नवा आणा.

कॅपही बदला, ती स्वस्त असते. तिच्यावर 0.9 असं काहीतरी लिहिलेलं असेल, तो दाब. त्या दाबाखाली पाणी 100 ऐवजी 118 अंशांच्या पुढे उकळतं. रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी आधीच उकळून बाटलीत जातं. आत विहिरीचं पाणी असेल तर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

हे होईपर्यंत घाट चढावाच लागला तर एसी लावू नका. काटा मध्याच्या वर सरकला की काचा खाली करून हीटर पूर्ण सोडा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. वाफ दिसली तर कडेला घेऊन इंजिन बंद करा, तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, हेड ॲल्युमिनियमचं असतं, वाकतं. आणि कॅपला तासभर हात नको. सतराव्या वर्षी मी घाई केली, माझ्या उजव्या मनगटावरचा डाग आज छत्तीस वर्षं तसाच आहे.

प्रश्न : माझी जुनी वॅगन आर रेल्वे फाटकात उभी राहिली की तापते, चालायला लागली की काटा उतरतो. रेडिएटर बदलू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नका बदलू, भाऊ. धावताना वारा लागतो तेव्हा ती गार होते, म्हणजे रेडिएटर काम करतोय. तुमचा पंखा लागत नसणार किंवा हळू फिरत असणार. आधी फ्यूज बघा. मग मेकॅनिककडून पंख्याला बॅटरीची थेट लाइन देऊन घ्या. जोरात फिरला तर मोटार चांगली, रिले किंवा सेन्सर तपासा. रेंगाळत फिरला तर मोटारीचे कार्बन ब्रश झिजलेत. तोवर फाटकात काटा चढला तर एसी बंद करून हीटर सोडा.