पाच बँड, एक संध्याकाळ: पहिल्यांदा डेथ मेटल गिगला जाताना

तुझे प्रश्न तीन. सगळी गाणी सारखीच वाटतात तर पाच बँड ओळीने कसे ऐकायचे, कानांचं काय होईल, आणि पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात त्या जागेत, मार बसेल का. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत, पहिल्याचं जरा लांबेल.

आधी वेळ. पोस्टरवर चार लिहिलंय तर चारलाच पोच. आपल्याकडे उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून दुपारीच सुरुवात होते. आणि 'हेडलायनरलाच, म्हणजे शेवटच्या मोठ्या बँडलाच जाऊ' हा विचार तर मुळीच नको. आवाजाचे हे नियम कडकच असतात: मुंबईचं रंगभवन हे उघडं थिएटर शांतता क्षेत्राच्याच भानगडीत हातचं गेलं. इंडिपेंडन्स रॉक हा रॉक फेस्टिव्हल तिथे व्हायचा, हे आमच्या वयाची मंडळी तुला गेटवर ऐकवतीलच. तू नुसती मान हलव.

आता ऐकण्याचं. सारखं वाटतं कारण तू शब्द पकडायला जातोस. ग्रोलमधले, म्हणजे त्या घशातून गुरगुरत गाण्यातले शब्द आम्हालाही घरी लिरिक्स वाचल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून गायकाचा नाद आधी सोड. ड्रमरकडे बघ. ब्लास्टबीट या सगळ्यात वेगवान ठेक्यात स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम), किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि सिंबल (झांज) इतक्या वेगाने चालतात की एकेक ठोका सुटा ऐकू येत नाही, नुसता पट्टा तयार होतो. 200 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 200 ठोक्यांच्या वर ही मंडळी सहज जातात. पण त्याच वेळी गिटारचा रिफ, म्हणजे परत परत येणारा सुरांचा तुकडा, पुष्कळदा त्या वेगाच्या निम्म्यानेच सरकत असतो. कान तिथे लाव. मग ड्रमर अचानक ठाय लयीत उतरतो, रिफ तोच राहतो आणि दुप्पट जड वाटायला लागतो. अख्खं पब्लिक नेमकं तिथेच का हलतं ते तेव्हा कळेल. ही उतरण्याची जागा आधी ओळखता यायला लागली की समज, तू ऐकायला लागलास.

बँडाबँडांत फरकही भरपूर असतो. मुंबईचेच दोन घे. गटस्लिट म्हणजे ब्रूटल डेथ, सगळा जोर खालच्या पट्टीत आणि गळ्याच्याही तळात. डेमॉनिक रेझरेक्शन, जे 2014 मध्ये जर्मनीत वाकन या मेटल फेस्टिव्हलला वाजवून आले, त्यांच्या रेकॉर्डवर कीबोर्ड आहे, मधूनच साफ आवाजातलं गाणंही आहे, आणि 2017 चा अख्खा अल्बम विष्णूच्या दशावतारांवर. दोघांची दोन-दोन गाणी आज ऐकून बघ, 'सारखं' हा शब्द परत वापरणार नाहीस. जाण्याआधी पाचही बँडांचं असंच कर. त्याहून जास्त गृहपाठ नको.

पहिल्या गाण्यावरून कुठल्याच बँडबद्दल मत बनवू नकोस. साउंडचेक बहुतेक उलट्या क्रमाने होतो, हेडलायनर आधी आणि ओपनर, म्हणजे सगळ्यात पहिल्यांदा वाजवणारा बँड, शेवटी. मधल्या बँडांची सेटिंग तोवर मोडलेली असते, आणि प्रत्यक्ष स्टेजवर त्यांना मिळतो फक्त घाईघाईचा लाइन चेक, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज येतोय ना एवढंच बघणं. त्यामुळे साउंडमन पहिलं गाणं चालू असतानाच मिक्स लावत असतो. गिटार गायब आणि किकच किक, असं झालं तर दोन गाणी थांब. आणि उभा राहा कन्सोलच्या, म्हणजे साउंडमनच्या टेबलाच्या आसपास. अगदी स्टेजला चिकटलास तर ड्रम आणि अँप थेट अंगावर येतात, पण गायकाचा आवाज ज्या मोठ्या स्पीकरमधून येतो ते तुझ्या दोन्ही बाजूंनी मागच्या लोकांकडे तोंड करून असतात. पुढे जायचंच, पण एखाद्या सेटपुरतं.

कान: इअरप्लग लाव, यावर चर्चा नाही. 100 डेसिबलला कानाची सुरक्षित मर्यादा जेमतेम पंधरा मिनिटांची, आणि तू पाच तास असणार आहेस. कापसाने काही होत नाही. फोमचे चालतील, पण ते वरचे सूर जास्त कापतात आणि सगळं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. वादकांसाठीचे मिळतात ते सगळं सारखं कमी करतात. गंमत म्हणजे ते लावले की रिफ उलट स्वच्छ ऐकू येतात. मधल्या ब्रेकमध्ये दहा मिनिटं बाहेर उभा राहा. दोन दिवसांनंतरही कानात शिट्टी वाजत असेल तर ईएनटीकडे जा, गुगलकडे नको.

पिट: पहिला बँड कडेला उभा राहून बघ. कुणी पडला की आजूबाजूचे सगळे थांबून त्याला उचलतात, हा नियम कुठे लिहिलेला नसला तरी पाळला जातो. तूही पाळ. चष्मा काढ, लेस आत खोच, फोन चेनच्या खिशात. कोपर वर करून मुद्दाम मारणारा एखादा निघतोच, त्याच्यापासून लांब हो आणि सिक्युरिटीला दाखव. सर्कल पिट, म्हणजे सगळे गोलात धावतात तो पिट, बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेच्या विरुद्ध. अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिडिओ बघून यावर 2013 मध्ये भौतिकशास्त्राचा पेपरही लिहिलाय. तू फक्त सगळे ज्या दिशेने फिरतायत त्याच दिशेने फिर.

हेडबँग करशील तर कमरेतून वाक, नुसती मान झटकू नकोस, नाहीतर सोमवारी कॉलेजात मान वळणार नाही. आणि टीशर्टला पैसे ठेवले असशील तर ओपनरच्या टेबलावर आधी जा. तिकिटातलं त्यांच्या हाती फारसं काही पडत नाही, आणि एक्सएल सगळ्यात आधी संपतो.